टेक्सासमध्ये शिकायला जाणाऱ्या मुलीच्या गाडीचा विमा: किती घ्यावा आणि कोणाच्या नावावर?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार. माझी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये आर्लिंग्टन येथील टेक्सास विद्यापीठात एम.एस. करण्यासाठी जाणार आहे. डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधोमध वसलेल्या या शहरात ठरावीक मार्गांवर धावणारी बससेवा नाही. ॲपवरून बोलावता येणारी सामायिक व्हॅन आहे, पण रात्री प्रयोगशाळेतून परतताना किंवा आठवड्याचा किराणा आणताना तिच्यावर विसंबणे अवघड जाते, असे आधी गेलेल्या मुलामुलींनी सांगितले. त्यामुळे ती आणि तिची एक मैत्रीण मिळून ७-८ हजार डॉलरपर्यंतची जुनी गाडी घेण्याच्या विचारात आहेत. घरात एकूण चौघी राहणार आहेत.

मुलीचे वय २३ आहे. नाशिक आरटीओचे लायसन्स तिच्याकडे ४ वर्षांपासून आहे आणि ती महामार्गावरही व्यवस्थित गाडी चालवते. मी स्वतः २२ वर्षे गाडी वापरतो आहे, परंतु विम्याबद्दलचे माझे ज्ञान ‘थर्ड पार्टी’ आणि ‘फुल इन्शुरन्स’ यांच्यापुढे कधी गेले नाही, कारण तशी वेळच आली नाही. मुलीला तेथील एका सीनियरने सल्ला दिला आहे की, कायद्याने लागतो तेवढाच विमा घ्यावा आणि गाडी व पॉलिसी दोन्ही त्याच्या नावावर ठेवावीत, म्हणजे हप्ता जवळजवळ निम्म्यावर येईल. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असल्यामुळे प्रत्येक डॉलर मोजूनच खर्च करावा लागणार आहे, हे खरे. तरीही हा सल्ला ऐकल्यापासून मनात शंका आहे. भारतीय लायसन्सवर तेथे विमा मिळतो का, तो किती रकमेचा असावा, दुसऱ्याच्या नावावर गाडी ठेवणे कितपत योग्य आहे आणि माझ्या ५० टक्के नो क्लेम बोनसचा (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा) तिला काही उपयोग होईल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर टेक्सासचा रहिवासी

काका, मी आर्लिंग्टनहूनच पदवी घेतली आणि गेली ७ वर्षे याच परिसरात राहतो. आपल्या मनात शंका आली हे फार चांगले झाले. आमच्या वेळी असे विचारणारे घरात कोणी नव्हते.

सर्वांत आधी रकमेचा प्रश्न घेतो, कारण माझ्या मते बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. टेक्सासचा कायदा ३०/६०/२५ एवढा विमा मागतो. याचा अर्थ असा की, आपल्या चुकीने अपघात झाला तर विमा कंपनी जखमी झालेल्या एका माणसासाठी जास्तीत जास्त ३० हजार डॉलर, त्या अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून ६० हजार डॉलर आणि समोरच्याच्या गाडीच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५ हजार डॉलर देते. त्यावरचा एकेक डॉलर गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर येतो. या राज्यात रस्त्यावरची कितीतरी वाहने म्हणजे भल्यामोठ्या पिकअप आहेत आणि अशा नव्या पिकअपची किंमत सहज ५० हजार डॉलरच्या पुढे जाते. ती एक गाडी निकामी झाली तरी २५ हजारांची मर्यादा निम्म्या वाटेतच संपते. जखमी माणूस रुग्णालयात २-३ रात्री राहिला आणि त्याच्यावर एखादी शस्त्रक्रिया झाली, तर ३० हजार डॉलर किती अपुरे पडतात, हे येथे राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

भारतातून येणाऱ्यांची यात हमखास गफलत होते. आपल्याकडच्या थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला रकमेची कमाल मर्यादा नसते, न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती विमा कंपनी देते आणि फक्त मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. त्यामुळे ‘थर्ड पार्टी आहे ना, मग दुसऱ्याची काळजी मिटली’ हा आपला समज नाशिकमध्ये बराचसा बरोबर ठरतो, तर आर्लिंग्टनमध्ये तोच समज धोक्याचा ठरतो. मी स्वतः पहिल्या वर्षी ३०/६०/२५ घेतला होता. दुसऱ्या वर्षी १००/३००/१०० ची किंमत विचारली, तेव्हा सहा महिन्यांच्या हप्त्यात जो फरक निघाला तो महिन्याला दोनदा बाहेर जेवण्याएवढा होता. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, पण दोन्ही किमती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कमीत कमी विमा स्वीकारू नका, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

दुसरी गफलत शब्दांची आहे. आपल्याकडे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हटले की धडकेपासून चोरीपर्यंत सगळे त्यात येते. अमेरिकेत कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये चोरी, आग, पूर, गारपीट, फुटलेली काच, रस्त्यात आडवे आलेले हरीण अशा गोष्टी येतात, पण आपण कोणाला किंवा खांबाला धडकलो तर होणारे आपल्या गाडीचे नुकसान येत नाही. त्यासाठी ‘कोलिजन’ नावाचा वेगळा विमा घ्यावा लागतो. दोन्हींत दाव्याच्या वेळी आधी आपण भरायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, बहुधा ५०० किंवा १,००० डॉलर असते. ७ हजारांच्या जुन्या गाडीसाठी कोलिजन घ्यावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. ती गाडी गेली तर दुसरी घेण्याची ऐपत नसेल तर घ्यावा, एवढेच मी म्हणेन. कॉम्प्रिहेन्सिव्ह मात्र तुलनेने स्वस्त असतो आणि उत्तर टेक्सासमध्ये मार्च ते मे या काळात लिंबाएवढ्या गारा पडताना मी पाहिल्या आहेत, म्हणून तो मी वगळणार नाही.

आता लायसन्सविषयी. भारतीय लायसन्सवर विमा देणाऱ्या कंपन्या आहेत, सगळ्याच देत नाहीत आणि ज्या देतात त्यांचा हप्ता जास्त असतो, कारण बहुतेक कंपन्या अनुभव मोजायला अमेरिकी परवान्यापासून सुरुवात करतात. त्यात वय २५ पेक्षा कमी आणि क्रेडिटचा, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याचा, काहीच इतिहास नाही, या दोन गोष्टींची भर पडते. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई येथे गाडीच्या विम्याचा दर ठरवताना क्रेडिट वापरायला मनाई आहे, टेक्सासमध्ये तशी मनाई नाही. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना अवश्य काढून घ्यावा. तो मूळ लायसन्ससोबतच चालतो, एकटा चालत नाही. येथे राहायला आल्यापासून ९० दिवसांच्या आत टेक्सासचा परवाना काढायचा असतो. १८ ते २४ वयाच्या नवीन अर्जदारांना सहा तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, त्यानंतर ‘इम्पॅक्ट टेक्सास ड्रायव्हर्स’चा व्हिडिओ पाहून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मग प्रत्यक्ष चाचणी होते. चाचणीला नेलेल्या गाडीचाही विमा दाखवावा लागतो. भेटीची वेळ मिळायला बरेच दिवस जातात, म्हणून पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यातच ती नोंदवून ठेवावी. टेक्सासचा परवाना हाती आला की कंपनीला कळवून नव्याने दर मागावा. माझा हप्ता तेव्हा लगेच खाली आला होता.

विमा सर्वेक्षक, पुणे

मी वाहन विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण गेली १९ वर्षे करत आहे. माझा अनुभव भारतातला आहे, परंतु विम्याच्या कराराचे मूळ तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे, म्हणून फक्त नावाच्या मुद्द्यावर लिहितो.

विम्याचा अर्ज हा परस्परविश्वासावर उभा असलेला करार असतो. गाडी कोणाची आहे, ती रात्री कोठे उभी असते आणि ती नेहमी कोण चालवते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कंपनी हप्ता ठरवते. सीनियरच्या नावावर पॉलिसी घेऊन गाडी रोज आपल्या कन्येने चालवली, तर या तिन्ही उत्तरांत खोट राहते. ती खोट हप्ता भरताना कोणाच्याच लक्षात येत नाही. लक्षात येते ती दावा दाखल झाल्यावर, जेव्हा कंपनीचा माणूस बसून प्रत्येक कागद वाचतो. अशा वेळी कंपनी दावा नाकारू शकते आणि पॉलिसी मुळापासून रद्द ठरवण्याचाही प्रयत्न करू शकते. गाडीचा मालकच जर तो सीनियर असेल, तर गाडी निकामी झाल्यावर भरपाईचा धनादेशही त्याच्याच नावाने निघेल, आणि पैसे घातलेल्या दोन मुलींना तो मागण्यासाठी त्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागेल. तो मुलगा सज्जन असेलही, पण पदवी संपवून तो दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला तर काय, याचाही विचार करावा.

माझ्या कामात सर्वांत वाईट दिवस कोणते, असे कोणी विचारले तर मोठ्या अपघातांचे दिवस मी सांगणार नाही. खऱ्या अपघाताचा, खऱ्या नुकसानीचा दावा केवळ अर्जात लिहिलेल्या एका चुकीच्या ओळीमुळे नाकारावा लागतो आणि समोर कुटुंब बसलेले असते, ते दिवस मला विसरता येत नाहीत. हप्त्यात वाचलेले चार पैसे त्या वेळी कोणालाच आठवत नाहीत.

नो क्लेम बोनसचे म्हणाल, तर तो आपल्या नावावर, आपल्या वाहनाच्या विम्यासाठी आहे. तो मुलीला मिळणार नाही. तिच्या स्वतःच्या नावावर भारतात गाडी असती, तर कंपनीकडून दावे न केल्याचे पत्र घेऊन जायला मी सांगितले असते. काही परदेशी कंपन्या ते पाहतात, परंतु त्यावर हिशेब बांधू नये.

कूपर स्ट्रीट

मी सध्या याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. वरच्या प्रतिसादांत एक गोष्ट राहिली आहे आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या नोव्हेंबरमध्ये कूपर स्ट्रीटवरच्या एका सिग्नलला मी थांबलेली असताना मागून एका गाडीने जोरात धडक दिली. चूक पूर्णपणे त्या चालकाची होती आणि त्याने ती मान्यही केली. त्याने मला विम्याचे कार्ड दाखवले, मी त्याचे छायाचित्र घेतले आणि मला वाटले की आता सगळे त्याच्या कंपनीकडून होईल. तीन दिवसांनी कळले की हप्ता थकल्यामुळे त्याची पॉलिसी दोन महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. विमा नसताना गाडी चालवल्याबद्दल टेक्सासमध्ये पहिल्या खेपेला १७५ ते ३५० डॉलर दंड होतो, पण त्या दंडातून माझी गाडी दुरुस्त होणार नव्हती.

मला वाचवले ते माझ्याच पॉलिसीतल्या एका कलमाने. विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या चालकाने धडक दिली, तर आपलीच कंपनी आपल्याला भरपाई देते, असे ते संरक्षण आहे. टेक्सासमध्ये प्रत्येक कंपनीने ते ग्राहकापुढे ठेवलेच पाहिजे आणि नको असेल तर ग्राहकाने तसे लेखी द्यावे लागते. अपघात कोणाच्याही चुकीने झाला तरी उपचारांचा खर्च देणाऱ्या ‘पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन’लाही हाच नियम आहे, ते किमान २,५०० डॉलरचे असते. ऑनलाइन पॉलिसी घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून आमच्यातील बहुतेक जण या दोन्हींसमोर ‘नको’ची खूण करून पुढे जातात, आणि आपण काहीतरी लेखी नाकारले आहे हे त्यांच्या गावीही नसते. पॉलिसी घेताना माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने मला हटकले नसते, तर मीही तेच केले असते. माझी गाडी निकामी ठरली, तिच्या बाजारभावातून या संरक्षणाच्या डिडक्टिबलचे २५० डॉलर वजा करून बाकीचे पैसे मला मिळाले, आणि मानेच्या दुखण्यासाठी घ्याव्या लागलेल्या फिजिओथेरपीचा खर्चही निघाला. विद्यापीठाचा आरोग्य विमा होता, पण त्यातही आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम असतेच.

आपल्या मुलीला एवढे नक्की सांगा, की अपघात कितीही किरकोळ वाटला तरी समोरच्या गाडीची नंबरप्लेट, चालकाचा परवाना, विम्याचे कार्ड आणि दोन्ही गाड्यांची स्थिती यांची छायाचित्रे जागेवरच घ्यावीत, पोलिसांना बोलवावे आणि ‘रोख घे आणि मिटवून टाक’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये. मी पोलिसांना बोलावले होते, म्हणून त्यांचा अहवाल माझ्याकडे होता. तो नसता तर चालकाने कबूल केलेली चूक नंतर सिद्ध करणे मला कठीण गेले असते.

गोदाकाठ, नाशिक

आपण सर्वांनी अनोळखी माणसासाठी इतका वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. काल रात्री मुलीला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सीनियरच्या नावावर काहीही ठेवायचे नाही, हे तिने स्वतःच ठरवले. आता आणखी तीन शंका उरल्या आहेत. गाडी दोघी मैत्रिणींच्या नावावर घेणे योग्य ठरेल का, घरातल्या इतर दोघींनी कधी गाडी चालवली तर काय होईल, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती नाशिकला आली तर तेवढे तीन महिने विमा बंद ठेवता येईल का? तसेच फावल्या वेळात घरोघरी जेवण पोहोचवण्याचे काम करून हप्ता सुटतो, असे तिने कोणाकडून तरी ऐकले आहे.

उत्तर टेक्सासचा रहिवासी

काका, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे विम्यापेक्षा मोठा धोका आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला परवानगीशिवाय विद्यापीठाच्या बाहेर काम करता येत नाही आणि जेवण पोहोचवण्याचे काम त्यात येते. दुसऱ्याच्या खात्यावरून काम करणारी मुले मी पाहिली आहेत, पण उघडकीस आले तर व्हिसाच जातो. शिवाय वैयक्तिक पॉलिसीत भाड्याने माल किंवा माणसे नेण्याचे काम बहुधा वगळलेले असते, त्यामुळे त्या फेरीत अपघात झाला तर कंपनी हात वर करते. एकाच चुकीत विमा आणि शिक्षण दोन्ही गमावण्याची वेळ येऊ शकते. कृपया तिला या वाटेला अजिबात जाऊ देऊ नका.

गाडी एकीच्याच नावावर घ्यावी, असे मला वाटते. नाते नसलेल्या दोघांची संयुक्त मालकी काही कंपन्या सहजासहजी स्वीकारत नाहीत, आणि दोघींपैकी एक आधी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेली तर टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, बदलताना पुन्हा धावपळ होते. ज्या मुलीच्या नावावर गाडी असेल तिने पॉलिसी घ्यावी, दुसरीला नियमित चालक म्हणून त्यात नोंदवावे आणि कोणी किती पैसे दिले याचा साधा कागद दोघींनी सह्या करून जपून ठेवावा. उरलेल्या दोघींची माहितीही कंपनी विचारतेच, कारण घरातल्या वाहन चालवण्याच्या वयाच्या प्रत्येकाची नोंद तिला हवी असते. त्या कधीच चालवणार नसतील तर त्यांना पॉलिसीतून नावानिशी वगळता येते. पण एकदा वगळले की ‘फक्त दुकानापर्यंत’ म्हणूनही किल्ली त्यांच्या हाती देता कामा नये, कारण वगळलेल्या चालकाच्या हातून झालेल्या अपघाताचा खर्च कंपनी देत नाही. अशा वेळी मैत्रिणीला नाही म्हणणे जड जाते, म्हणून चौघींनी पहिल्या दिवशीच एकत्र बसून हे ठरवावे.

गाडी पसंत पडली की पैसे देण्यापूर्वी तिचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक, घेऊन दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवावेत. टेक्सास विमा विभागाच्या ‘हेल्पइन्शुअर’ या संकेतस्थळावर दरांची तुलनाही पाहता येते. टायटलवर ‘सॅल्व्हेज’ (निकामी ठरलेली) किंवा ‘रिबिल्ट’ (निकामी ठरल्यावर पुन्हा दुरुस्त केलेली) असा शिक्का असेल, तर गाडी स्वस्त का आहे ते लगेच कळते. अशा गाडीला काही कंपन्या कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह देतच नाहीत. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कर कार्यालयात टायटल बदलून घ्यावे लागते, त्या वेळी ६.२५ टक्के विक्रीकर भरावा लागतो आणि नोंदणीसाठी विम्याचा पुरावाही द्यावा लागतो. हा कर ७ हजारांच्या गाडीवर ४३७ डॉलरच्या पुढे जातो, तेव्हा तो अंदाजपत्रकात आधीच धरावा.

ओंटारियोकर

धागा टेक्सासचा आहे, तरी कॅनडाला निघालेले कोणी वाचत असतील म्हणून थोडक्यात लिहितो. ओंटारियोमध्ये कायद्याने किमान २ लाख कॅनडियन डॉलरचे दायित्व (दुसऱ्याला द्यायच्या भरपाईचे संरक्षण) लागते, पण व्यवहारात १० लाखांचे घेणे सर्रास आहे. येथे येताना आरटीओकडून लायसन्स केव्हा मिळाले याचा तपशील देणारे पत्र अवश्य आणावे. जुना अनुभव ग्राह्य धरून घ्यायचा असेल तर ते लागते, आणि येथे आल्यावर नाशिक-पुण्याहून ते मागवताना जीव मेटाकुटीला येतो.

कूपर स्ट्रीट

सुट्टीबद्दलचा प्रश्न राहिला आहे, त्याचे उत्तर मी देते. विमा पूर्ण बंद करू नये. मधे खंड पडला की पुढच्या वेळी दर मागताना तो खंड मोजला जातो आणि हप्ता वाढतो. त्याऐवजी निघण्यापूर्वी कंपनीला फोन करून गाडी या तारखेपासून या तारखेपर्यंत कोणीही चालवणार नाही असे सांगावे, आणि तेवढ्या काळापुरते फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह चालू ठेवता येईल का ते विचारावे. अनेक कंपन्या हे करतात. काय ठरले ते ईमेलवर लेखी घ्यावे आणि परतल्यावर पूर्ण संरक्षण पुन्हा सुरू झाल्याची खात्री करूनच किल्ली फिरवावी. मी डिसेंबरमध्ये कोल्हापूरला आले होते तेव्हा असेच केले होते, फक्त गाडी उघड्यावर न ठेवता एका ओळखीच्या काकूंच्या गॅरेजमध्ये लावली होती. मुलगी ऑगस्टमध्ये पोहोचली की तिला येथेच मला संदेश पाठवायला सांगा. पॉलिसी घेताना मी तिच्या शेजारी बसून प्रत्येक पान वाचून दाखवीन.